सीएनसी राउटर: बिट कुठलं, फीड किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएनसी राउटर म्हणजे फिरत्या बिटाने प्लाय, ॲक्रिलिक असा माल कापणारं, संगणकाने चालणारं मशीन; फीड म्हणजे कापताना बिट पुढे सरकण्याचा वेग. ठाणे-नवी मुंबईच्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा या पट्ट्यातल्या वर्कशॉपमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे ८ × ४ फुटी बेड आणि साधारण ३ किलोवॉटचा, २४,००० आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) धरून दिले आहेत. मशीन त्याहून हलकं असेल तर पासची (बिटाच्या मालावरून जाणाऱ्या एका फेरीची) खोली आधी कमी करा, फीड नंतर. असं का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१. मशीन नुकतंच घेतलंय. पन्नास बिटांचा स्वस्त सेट घेऊ का?

नको. त्यातली निम्मी बिटं डब्यातच राहतात आणि उरलेली पहिल्या प्लायमध्ये बोथट होतात. त्याच पैशात सॉलिड कार्बाइडची मोजकी बिटं घ्या: ६ मिमीचं दोन फ्लूटचं (फ्लूट म्हणजे बिटावरची कापणारी धार) कॉम्प्रेशन (दोन नग; प्रकार प्रश्न २ मध्ये), ६ मिमीचं दोन फ्लूटचं अपकट, जाळीसाठी ३ मिमीचं एक फ्लूटचं आणि दोन फ्लूटचं, ॲक्रिलिकसाठी ३ मिमीचं एक फ्लूटचं ओ-फ्लूट, ९० अंशांचं व्ही-बिट आणि बेड सपाट करायला २२ किंवा २५ मिमीचा सरफेसिंग कटर. हायस्पीड स्टीलच्या फंदात पडू नका. प्लायमधला फिनॉलिक गोंद त्याची धार फार लवकर खातो.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला घ्या किंवा ऑनलाइन मागवा, चार मापं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: कटिंग व्यास, कटिंग लांबी, शँकचा (मशीनमध्ये धरायच्या दांड्याचा) व्यास आणि फ्लूट किती. यातलं कटिंग लांबीचं माप सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. १८ मिमी प्लायला २२ मिमी कटिंग लांबी पुरते. "कधीतरी लागेल" म्हणून ४२ मिमीचं घेतलं तर रोजच्या कामात नुकसानच होतं, कारण बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोराखाली बिट आठपट वाकतं.

२. अपकट, डाउनकट आणि कॉम्प्रेशन यांत नेमका फरक काय?

अपकट भुसा वर ओढून काढतं. खाच मोकळी राहते, बिट थंड राहतं, पण जॉबच्या (कापायच्या मालाच्या) वरच्या कडेचे रेषे उचकटतात आणि पातळ शीट बेडवरून वर ओढली जाते. डाउनकट उलट वागतं: वरची कड स्वच्छ येते, शीट खाली दाबली जाते, पण भुसा खाचेतच ठासला जातो. म्हणून डाउनकटने खोल खाच किंवा सरळ खाली भोक घेऊ नका, हमखास जळतं. कॉम्प्रेशनचा टोकाकडचा भाग अपकट आणि वरचा भाग डाउनकट असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना सनमायका असलेल्या बोर्डाच्या दोन्ही कडा साफ निघतात. त्याला एक अट आहे, ती प्रश्न १० मध्ये.

३. फीड काढायचा कसा? प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो.

सूत्र एकच आहे:

फीड (मिमी प्रति मिनिट) = आरपीएम × फ्लूटची संख्या × चिपलोड

एका फेरीत एका धारेने जेवढ्या जाडीची चिप काढायची, तो चिपलोड. १८,००० आरपीएम, दोन फ्लूट आणि ०.२० मिमी चिपलोड धरला तर १८,००० × २ × ०.२० = ७,२०० मिमी प्रति मिनिट. लोक वेगवेगळे आकडे सांगतात कारण त्यांच्या बिटाचे फ्लूट आणि आरपीएम वेगळे असतात. दुसऱ्याचा फीड उचलू नका, त्याचा चिपलोड विचारा आणि आपल्या मशीनचा फीड स्वतः काढा.

४. बिट तुटू नये म्हणून फीड कमीच ठेवतो. तरी बिट काळं पडतं. असं का?

फीड कमी ठेवता म्हणूनच. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कटिंगमध्ये तयार झालेली बरीचशी उष्णता चिपेबरोबर बाहेर जायला हवी. फीड फार कमी झाला की धार लाकडात शिरून चिप काढण्याऐवजी नुसती घासत राहते. बाहेर पडते ती पावडर. तिच्यात उष्णता वाहून नेण्याइतकं वस्तुमान नसतं, म्हणून सगळी उष्णता कार्बाइडमध्ये आणि जॉबच्या कडेत मुरते. धार गोल होते, गोल झालेली धार आणखी घासते, आणि तासाभरात बिट काळंनिळं पडतं. १८,००० आरपीएमवर दोन फ्लूटचं बिट १,५०० मिमी फीडने चालवलं तर चिपलोड येतो जेमतेम ०.०४ मिमी. ६ मिमी बिटाला प्लायमध्ये याच्या चौपट हवा.

तपासायला सोपं आहे. प्लाय किंवा साग कापताना भुसा चिमटीत घ्या. हाताला कण, पातळ कपचे लागले पाहिजेत. पिठासारखा लागला तर फीड कमी आहे किंवा आरपीएम जास्त. एमडीएफचा भुसा मुळातच बारीक असतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. तिथे स्पिंडल पूर्ण थांबल्यावर बिटाजवळ बोट न्या: कोमट असलं तर ठीक, चटका बसेल इतकं तापलं असेल तर नाही.

मशीन थरथरतं म्हणून फीड कमी करत असाल, तर फीड तसाच ठेवून पासची खोली निम्मी करा. जोर कमी होईल आणि चिपेची जाडी तीच राहील.

५. नेमके आकडे द्या. कुठून सुरुवात करू?

| माल | बिट | आरपीएम | चिपलोड (मिमी) | फीड (मिमी/मिनिट) | एका पासची खोली |
|---|---|---|---|---|---|
| प्लाय, एचडीएचएमआर (ओल सहन करणारा दाट बोर्ड) | ६ मिमी, २ फ्लूट | १८,००० | ०.१५–०.२० | ५,४००–७,२०० | ६ मिमी |
| एमडीएफ | ६ मिमी, २ फ्लूट | १८,००० | ०.१८–०.२५ | ६,५००–९,००० | ६ मिमी |
| एमडीएफ, लांब रेषा | ३ मिमी, २ फ्लूट | १८,००० | ०.०६–०.१० | २,२००–३,६०० | ३ मिमी |
| पीव्हीसी फोम, डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचा बोर्ड) | ६ मिमी, १ फ्लूट | १८,००० | ०.२०–०.३० | ३,६००–५,४०० | ६ मिमी |
| कास्ट ॲक्रिलिक | ३ मिमी, १ ओ-फ्लूट | १८,००० | ०.०८–०.१२ | १,४५०–२,१५० | २–३ मिमी |
| ॲल्युमिनियम | ६ मिमी, १ फ्लूट | १६,००० | ०.०४–०.०६ | ६५०–९५० | ०.५–१ मिमी |

हे सुरुवातीचे आकडे आहेत. दोन आकड्यांतल्या लहान आकड्यावर एक टाकाऊ तुकडा कापा आणि फीड दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जा. कड खडबडीत झाली किंवा स्पिंडलचा आवाज दबला की तिथून १५ टक्के मागे या. तो आकडा बिटाच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा.

६. एका पासमध्ये किती खोल जावं?

बिटाच्या व्यासाइतकं, म्हणजे ६ मिमी बिट असेल तर ६ मिमी. त्याहून खोल जायचं असेल तर चिपलोड उतरवावा लागतो: व्यासाच्या दुप्पट खोलीला २५ टक्के कमी, तिप्पट खोलीला ५० टक्के कमी. खाली शिरताना प्लंजचा वेग फीडच्या पाव ते निम्मा ठेवा. सॉफ्टवेअर रॅम्प (तिरका उतार) देत असेल तर सरळ खाली घुसवण्यापेक्षा रॅम्पनेच उतरा. काही सरळ फ्लूटच्या बिटांना मध्यभागी धार नसते. ती सरळ खाली उतरवली की टोक जळतं.

७. आर्टकॅममध्ये ६,००० टाकलंय, तरी मशीन रांगतंय. कधी उलट सुसाट सुटतं.

आधी एकक पाहा. सॉफ्टवेअरमध्ये मिमी प्रति सेकंद निवडलेलं असलं आणि तुम्ही मिनिटाचा आकडा टाकला, किंवा उलट झालं, तर साठपट फरक पडतो. ६,००० मिमी प्रति मिनिट म्हणजे १०० मिमी प्रति सेकंद. परदेशी तक्ते इंचात असतात, तिथे २५.४ ने गुणा.

एकक बरोबर असेल तर कंट्रोलर पाहा. हातातल्या डीएसपी कंट्रोलरमध्ये फाइलमधला एफ (फीडचा आकडा) वाचायचा की नाही याचं सेटिंग असतं. ते बंद असेल तर फाइलमध्ये काहीही लिहा, मशीन कंट्रोलरमधल्या वेगानेच चालतं. शेवटी स्पीडची टक्केवारी बघा. आदल्या शिफ्टमध्ये कुणीतरी ३० टक्क्यांवर आणून तशीच सोडलेली असते. यातलं काहीच नसेल तर प्रश्न ९.

८. ६ मिमीच्या कोलेटमध्ये (स्पिंडलमध्ये बिट पकडणाऱ्या चापात) पाव इंची शँक बसतो का?

नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीच्या कोलेटमध्ये तो जबरदस्तीने ठोकला तर कोलेट कायमचं फाकतं. उलट, ७ मिमीच्या कोलेटमध्ये ६.३५ कसला तर पकड टोकाशीच येते आणि चालू कामात बिट खाली सरकतं. जॉबची खोली मध्येच वाढलेली दिसली तर पहिला संशय यावर घ्या. पाव इंची बिटं वापरायची असतील तर ६.३५ चं स्वतंत्र कोलेट ठेवा.

कोलेट आधी नटमध्ये खटकन बसवायचं, मग नट स्पिंडलला लावायचा. बिटाचा शँक कोलेटच्या लांबीच्या निदान तीन चतुर्थांश आत गेला पाहिजे, पण फ्लूटचा भाग आत जाता कामा नये. बिट बदलताना कोलेट आणि स्पिंडलचा टेपर कोरड्या फडक्याने पुसा. आत साचलेला चिमूटभर भुसाही बिट वाकडं फिरवायला पुरतो. डायल गेज लावून हाताने स्पिंडल फिरवा: फरक ०.०२ मिमीपर्यंत असेल तर छान. ०.०५ च्या पुढे असेल तर दोन फ्लूटच्या बारीक बिटाची एकच धार जवळपास सगळं काम करते आणि बिट तुटतं. रोज चालणाऱ्या मशीनला कोलेट चारशे-पाचशे तासांनी बदलावं. बिटांवर हजारो रुपये घालवणारे लोक कोलेट मात्र मशीनबरोबर आलं तेच वर्षानुवर्षं वापरतात.

९. सरळ कटिंग छान होतं, पण जाळी जळते. फीड वाढवला तरी जळते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत तर रोज. २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मखरांच्या जाळ्या एमडीएफमध्ये कापण्याचं काम खूप वाढलं आहे.

फाइलमध्ये लिहिलेला फीड मशीन गाठतच नाही, हे खरं कारण. समजा ३ मिमीचं दोन फ्लूटचं बिट, १८,००० आरपीएम, फीड ३,६०० आणि मशीनचं ॲक्सिलरेशन २०० मिमी प्रति सेकंद वर्ग. ३,६०० म्हणजे सेकंदाला ६० मिमी. तो वेग गाठायला ९ मिमी लागतात आणि थांबायला आणखी ९. जाळीतली रेघ ६ मिमीची असेल आणि प्रत्येक कोपऱ्यात मशीन थांबत असेल, तर ती सरासरी साधारण १,०४० मिमी प्रति मिनिटानेच कापली जाते. चिपलोड ०.१० ऐवजी ०.०३ च्या आसपास येतो, आणि प्रश्न ४ मधली घासाघीस सुरू होते. फाइलमध्ये फीड ३,६०० चा ६,००० केला तरी त्या ६ मिमीत काहीही बदलत नाही. पण चौकटीच्या लांब रेघेवर मशीन खरंच ६,००० गाठतं आणि बिट तिथे मोडतं.

म्हणून जाळीला उलटा रस्ता धरा. एक फ्लूटचं ३ मिमी बिट लावा, आरपीएम १४,००० वर आणा, फीड १,५०० ठेवा. लांब रेघेवर चिपलोड ०.१० च्या जवळ राहतो आणि छोट्या रेघेवर ०.०७. वेळ वाया जाईल अशी भीती वाटते, पण हिशोब करून पाहा: ६ मिमीच्या रेघेला आधी ०.३५ सेकंद लागत होते, आता ०.३७ लागतील.

सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यांना अर्धा मिमी गोलाई दिली तर आणखी फरक पडतो. मशीनचं ॲक्सिलरेशन वाढवणं हा शेवटचा उपाय. हलक्या गँट्रीला (स्पिंडल वाहणाऱ्या कमानीला) ते झेपत नाही आणि कोपऱ्यांवर लहरी उमटतात.

१०. कॉम्प्रेशन बिट घेतलं, तरी प्रीलॅम (आधीच सनमायका चढवलेल्या) बोर्डाची वरची कड फुटते.

पहिला पास उथळ घेताय. कॉम्प्रेशनच्या टोकाचा अपकट भाग साधारण ५ ते ८ मिमी लांब असतो. पहिला पास ४ मिमीचा घेतला तर वरच्या सनमायकाला फक्त अपकटच लागतो आणि कड उचकटते. बिटावर वळणाची दिशा जिथे बदलते तिथपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि पहिला पास त्याहून किमान १ मिमी खोल घ्या. चिपलोड प्रश्न ६ प्रमाणे उतरवा. मशीन इतका खोल पास झेपू शकत नसेल तर कॉम्प्रेशनचा उपयोग नाही: पहिला पास डाउनकटने घ्या, बाकीचे अपकटने. खालची कड फुटत असेल तर बेडवरचा स्पॉइलबोर्ड (जॉबखाली आधाराला ठेवलेला बोर्ड) जुन्या खाचांनी भरलेला आहे का पाहा. खाली आधार नसला की कुठलंही बिट कड फोडतं.

११. ॲक्रिलिक वितळून बिटाला गोळा बसतो.

शीट कास्ट आहे की एक्स्ट्रूडेड, हे दुकानदाराला आधी विचारा. एक्स्ट्रूडेड कमी उष्णतेत मऊ पडतं आणि कापलेली खाच बिटामागे पुन्हा चिकटते. दुसरं, लाकडाचं दोन फ्लूटचं बिट लावू नका. एक ओ-फ्लूट, धारदार, आणि शक्यतो फक्त ॲक्रिलिकसाठीच वेगळं ठेवलेलं. तिसरं, कॉम्प्रेसरची हवा थेट खाचेत सोडा. चिपा बाहेर गेल्या पाहिजेत.

कड स्वच्छ हवी असेल तर ०.२ ते ०.३ मिमी माल सोडून कापा आणि शेवटचा पास पूर्ण खोलीने घ्या. या पासला बहुतेक जण फीड कमी करतात. ते चुकीचं आहे: इतका पातळ थर काढताना चिपेची खरी जाडी चिपलोडच्या जवळपास निम्मीच राहते, म्हणून फीड तोच ठेवा. कापलेली कड थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

१२. क्लाइंब की कन्व्हेन्शनल?

स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. जॉबच्या बाहेरून घड्याळाच्या दिशेने गेलात तर क्लाइंब, उलट दिशेने गेलात तर कन्व्हेन्शनल. आतल्या भोकाला याच्या उलट. प्लाय आणि साग यांत रेषे फाटत असतील तर दिशा बदलून एक तुकडा कापून पाहा. रेषांची दिशा बदलते तसं उत्तरही बदलतं. बॅकलॅश (हालचालीतला ढिलेपणा) असलेल्या मशीनवर क्लाइंबमध्ये बिट गँट्रीला पुढे खेचतं, तिथे कन्व्हेन्शनलच बरं. ॲल्युमिनियमला क्लाइंब, पण मशीन घट्ट असेल तरच.

१३. छोटे तुकडे शेवटच्या पासला उडतात.

शेवटचा ०.४ मिमीचा थर सोडून सगळे तुकडे आधी कापा, मग एका वेगळ्या पासमध्ये तो थर काढा. पातळ थर कापताना जोर कमी लागतो, तुकडा हलत नाही. व्हॅक्यूम बेड (शीट हवेने खेचून धरणारा) नसेल तर टॅब (न कापता सोडलेले जोड) ठेवा: ५ मिमी रुंद, २ मिमी जाड, प्रत्येक तुकड्याला निदान तीन. तळहाताहून लहान तुकड्यांवर व्हॅक्यूमच्या भरवशावर राहू नका.

१४. थ्रीडी कोरीव कामात रेघा दिसतात. स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) किती ठेवू?

रेघेची उंची = स्टेपओव्हरचा वर्ग ÷ (८ × टोकाची त्रिज्या). आर ३ च्या (३ मिमी त्रिज्येच्या) बॉलनोजला (गोल टोकाच्या बिटाला) ०.५ मिमी स्टेपओव्हर दिला तर उंची येते ०.०१ मिमी, पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की गेली. देव्हाऱ्याच्या मूर्तिकामाला आर ०.५ चं टेपर बॉलनोज वापरलं तर तेवढ्याच सफाईला ०.२ मिमी स्टेपओव्हर लागतो. म्हणजे अडीचपट वेळ. त्यामुळे सगळा पॅनल बारीक बिटाने घेऊ नका. मोठं बिट आधी फिरवा आणि चेहरा, दागिने एवढाच भाग बारीक बिटाला द्या.

१५. पावसाळ्यात तेच सेटिंग बिघडतं. का?

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत एमडीएफ आणि प्लाय ओल धरतात. ओले रेषे कापले जाण्याऐवजी वाकतात, कडेला केस राहतात. स्पॉइलबोर्डही फुगतो, तोही सगळीकडे सारखा नाही. म्हणून पावसाळ्यात बेड वारंवार सपाट करून घ्या, आणि आरपार कापायचं असेल तर झेडचा (खोलीचा) शून्य जॉबच्या माथ्यावर न घेता बेडवर घ्या. तसंही १८ मिमी म्हणून विकलेला प्लाय अनेकदा १७ ते १७.५ भरतो, मग माथ्यावरून घेतलेली खोली चुकणारच. शीट जमिनीवर टेकवून ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा, नाहीतर हवेबरोबर ते थेट जॉबवर येतं. कोलेटांना रात्री तेलाचा हात लावा, सकाळी पूर्ण पुसून मगच बसवा.

१६. सरफेसिंग कटर लावला की स्पिंडल दमतो.

२४,००० आरपीएमच्या स्पिंडलला व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ४०० हर्ट्झ देतो. १२,००० ला २०० हर्ट्झ. आरपीएम निम्मे केले की ताकदही जवळपास निम्मी होते: ३ किलोवॉटच्या स्पिंडलकडून तिथे साधारण १.५ किलोवॉटच मिळते. म्हणून २५ मिमी कटरला १४,००० ते १६,००० आरपीएम आणि ०.३ ते ०.५ मिमीचा पास ठेवा. कटरवर लिहिलेले कमाल आरपीएम मात्र ओलांडू नका.

१७. बिटाची धार गेली हे कसं ओळखायचं?

तोच माल, तोच फीड असताना आवाज चढला, कडेला केस दिसू लागले किंवा व्हीएफडीवरचे अँपिअर वाढले, तर धार गेली. त्याआधी एकदा बिट साफ करून पाहा: गोंद आणि राळ साचल्यानेही हीच लक्षणं दिसतात. किचनच्या डीग्रीझरमध्ये थोडा वेळ भिजवा, पितळी ब्रशने घासा, कोरडं करा. पुन्हा धार लावून घेतली तर व्यास कमी होतो. नवीन व्यास मोजून सॉफ्टवेअरमध्ये टाकल्याशिवाय ते बिट वापरू नका, नाहीतर खाचा घट्ट आणि तुकडे मोठे येतील.

१८. फीड चुकला तर आग लागू शकते का?

हो, आणि ती बेडवर लागेलच असं नाही. जळणाऱ्या बिटाने सुटलेली ठिणगी धूळ ओढणाऱ्या पाइपमधून थेट भुशाच्या पिशवीत जाते, तिथे धुमसत राहते आणि वर्कशॉप बंद झाल्यावर पेट घेते. कटिंगमध्ये जळका वास आला की काम थांबवा, डस्ट कलेक्टर बंद करा, पिशवी बाहेर मोकळ्या जागेत नेऊन भुसा धुमसतोय का ते बघा. पिशवी रोज रिकामी करा. पीव्हीसी फोम जळला तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो; तो फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या रेल गंजवणारा. लाकडाची धूळ आणि एमडीएफमधलं फॉर्मल्डिहाइड या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलं आहे, त्यामुळे मशीनवरच्या माणसाला धुळीसाठी रुमाल नको, एन-९५ द्या.